पांढरी माती

हैदराबादेतली नोकरी सुटली आणि मी बारा वर्षांनी गावी, हसनाबादला परत आलो. घराचं छत खाली आलं होतं, आणि कुणी अनोळखी म्हातारा आमच्या स्वयंपाकघराची भिंत कुदळीनं खोदून माती पोत्यात भरत होता.

"बाबा, हे घर माझं आहे," मी म्हणालो.

त्यानं कुदळ हळूच टेकवली. "माफी द्या, मालक. कोणी न्हाई राह्यलं वाटलं. जुन्या भिंतीची पांढरी माती रानात टाकली की जवारी जोरात येती." मग माझ्या पायांकडं पाहत तो अवघडून म्हणाला, "बूट तेवढे बाहेर काढा. चूल हाय इथं."

मी वळून पाहिलं. दार कधीच गेलं होतं. उरलेल्या उंबऱ्याबाहेर त्याच्या फाटक्या वहाणा जोडीनं ठेवलेल्या होत्या.