आवाज बंद केलेला घोडा

नव्वदच्या दशकात रोह्यात आमच्या आणि शेजारच्या चाचीच्या घरात एकच भिंत होती. चाचा दुबईहून व्हिडिओ गेम घेऊन आले. ज्या जादूच्या घोड्याच्या सिनेमाची कॅसेट चाचीच्या मुलीने आणि मी पाहून पाहून झिजवली होती, त्याच सिनेमाचा तो गेम. पण भिंतीपलीकडे माझे बाबा धाटावच्या कंपनीत रात्रपाळी करून झोपलेले असायचे. त्यांच्यासाठी चाची दिवसा खलबत्तासुद्धा काढायची नाही. "भाऊ निजलाय, आवाज नको हां," म्हणत तिने टीव्हीचा आवाज पार बंद केला. मग घोड्याच्या टापा तिची मुलगी जिभेने हळूच वाजवायची आणि तलवार मी ओठांनी.

परवा तोच गेम कॉम्प्युटरवर सापडला. सुरू केला, तर आत भलतंच किरकिरं संगीत आणि टिकटिक टापा! इतकी वर्षं हे त्यात होतं? चीडच आली. असल्या टापा असतात का कुठे? मी आवाज बंद केला आणि तलवार ओठांनी वाजवली.

घोडा मात्र मुकाच धावत राहिला.