आभाळ टेकतं तिथली शिवण

समोरच्या पेंटरचं आणि माझं कधी पटलं नाही, आणि पटावं अशी माझी इच्छाही नव्हती. वडशात त्याचं अंगण आणि माझं शिलाईचं दुकान यांच्यामध्ये फक्त एक रस्ता आहे, तोही मला कमीच वाटतो. हिवाळ्यात धान निघालं की झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरायला लागतात. त्यांचे रंगमंचामागचे पडदे आम्ही दोघं करतो. अब्बांच्या वेळेपासूनची रीत अशी, की कापड आम्ही जोडायचं आणि चित्र त्यानं काढायचं. माझ्याकडून शिवलेला गठ्ठा त्याच्या फाटकात जाऊन पडायचा आणि तिथून रंगून थेट मंडळीच्या गाडीत. मध्ये बोलायची गरजच नव्हती, म्हणून आम्ही बोलत नव्हतो.

म्हणजे माझ्याशी बोलत नव्हता. बाकी गावभर बोलायचा. अख्खा पडदा होईल एवढं रुंद कापड मिळत नाही. दोन पन्हे खाली-वर जोडावे लागतात, आणि मधोमध आडवी शिवण येते. हा बाबा प्रत्येक मालकासमोर त्या शिवणीवर बोट ठेवायचा. "चित्र झकास हाये मालक, पण ह्या शिवणीनं मार खाल्ला." नाचता येईना अंगण वाकडं! त्याची सागाची झाडं म्हणजे पालकाच्या जुड्या, ते कुणी बोलत नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक जायची.

मागच्या हिवाळ्यात आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकानं, एका मंडळीच्या मालकानं, आम्हा दोघांना एकत्र बोलावलं. नव्या नाटकात शेवटी पोरगी घर सोडून जंगलातल्या रस्त्यानं निघून जाते. तो रस्ता लांबवर जाताना दिसला पाहिजे. "नाई जमलं तर सांगा," मालक म्हणाला, "नागपूरवरून फ्लेक्स छापून आणतो. शिवण नाई, काई नाई." एका मंडळीनं फ्लेक्स आणला की बाकीच्यांना आणायला किती वेळ लागणार? माझा सगळा हिवाळा त्या पडद्यांवर चालतो. एरवी साडीला फॉल लावणं आणि शाळेच्या पँटी आखूड करणं, एवढंच. पेंटरचंही तेच. त्याचं काही का होईना, मला माझी काळजी होती.

पडदा तयार झाला. संध्याकाळी मालक पाहायला येणार होता, म्हणून सकाळीच आम्ही पडदा राइस मिलच्या अंगणात, धान वाळवतात तिथे, दोन बांबूंना टांगला. एवढ्या वर्षांत आम्ही दोघं एका पडद्यासमोर पहिल्यांदाच आलो होतो. पेंटर बाकावर चढून उभा राहिला आणि स्वतःवरच खूश झाला. माझे गुडघे मशीन मारून मारून गेलेले. मी तिथल्या धानाच्या पेंढ्यावर, तणसाच्या ढिगावर बसले आणि वर पाहिलं. रस्ता कुठला? जंगलाला शिडी लावून ठेवली होती! पोरगी त्यावरून गेली असती तर घर सोडून नाही, माळ्यावर चढल्यासारखी दिसली असती.

"पेंटरभाऊ, हे काय काढलं? शिडी दिसून राह्यली."

"तुमाले चित्रातलं काय समजते, बाई? रस्ता बराबर हाये. तुमची शिवण पाहा, मधातून दोरी बांधल्यावानी दिसते."

"मले तर नाई दिसत शिवण!"

"मंग डोळे तपासून घ्या!"

अर्धा तास हेच. भांडताना आमच्याकडे भाऊ आणि बाई सुटत नाही, पण त्यात किती विष भरता येतं ते आम्हाला विचारावं. मिलचे हमाल पोती टाकून तमाशा पाहायला लागले. शेवटी मी ओरडले, "झाडीपट्टीचं पब्लिक काय बाकावर उभं राहून नाटक पाहते? तणसावर बसते! बसा इथी खाली!"

तो बसेना. पँटीला कुसळं लागतील म्हणे. हमाल हसले तेव्हा नाइलाजानं टेकला, वर पाहिलं, आणि तोंड उतरलं. त्याचं तोंड पाहून मला जो आनंद झाला तो लपवायचं काही कारण नव्हतं, मी लपवलाही नाही. हा माणूस जन्मभर भिंतीला कापड ठोकून, स्टुलावर चढून रंगवत आला. आभाळ जिथे टेकतं ती रेघ तो आपल्या डोळ्यांच्या उंचीवर काढणार, आणि खाली बसलेल्या माणसाला जमीन अंगावर आल्यासारखी दिसणार. कधी खाली बसून पाहिलंच नाही!

पण माझा आनंद फार टिकला नाही. "मागं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून पाहणारे बी असतेत," तो म्हणाला. "चढा बाकावर."

चढले. गुडघ्यांनी शिव्या घातल्या, तरी चढले. आणि दिसली. शिवणीची दुमड वरच्या अंगाला आलेली, खालून न दिसणारी, रस्त्याला आडवी, चांगली बोटभर जाड. मी मांडीवर कापड घेऊन शिवते, मला ती तशी कधी दिसलीच नव्हती. मला त्याचा भयंकर राग आला, कारण तो खरं बोलला होता.

"आभाळ खाली आणा लागते," तो खालून पुटपुटला.

"मंग शिवणीवरच आणा ना," मी वरून खेकसले. "आभाळ आन् जमीन तसेबी दोन तुकडेच हायेत."

तो रंगाचे डबे आणायला गेला. मी हमालाकरवी मशीन अंगणात आणवलं, शिवण उसवली आणि ती खाली यावी म्हणून खालच्या पन्ह्यातून पट्टा कापून काढला. पडदा आखूड पडू नये म्हणून वर नवा तुकडा जोडला. तो जोड रंगमंचाच्या वरच्या झालरीमागे जाणार होता. मी एका टोकाला शिवत होते, तो दुसऱ्या टोकाला रंगवत होता. "ओढू नका!" "मंग हलवू नका!" एवढंच संभाषण. दुपारच्या उन्हात रंग वाळला. मग एकदा तो तणसावर आणि मी बाकावर, एकदा उलट. रस्ता लांब गेला होता. इतका लांब, की मला उगाच त्या पोरीची काळजी वाटली.

संध्याकाळी मालक आला. बसून पाहिलं, उभं राहून पाहिलं. "वा पेंटर! बिनशिवणीचा कपडा कुठी भेटला?" असं म्हणून त्यानं पेंटरच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि पेंटर हसत उभा! ताकास तूर लागू देईना. इतकी वर्षं माझी शिवण गावाला दाखवत फिरला, आणि ज्या दिवशी दाखवायची, त्या दिवशी बोट खिशात.

गप्प राहिले असते तर काम टिकलं असतं, हे मला कळत होतं. पण शिवणच नाही म्हटल्यावर शिवणारी कुठून राहणार? मी पडद्याजवळ गेले आणि जंगल संपून आभाळ सुरू होतं त्या रेघेवर बोट ठेवलं.

"शिवण इथी हाये, मालक. मी घातली."

मालकानं वाकून पाहिलं, बोटानं चाचपलं, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. फ्लेक्स आला, असं मला त्या क्षणी वाटलं.

"हात काऊन लावता?" पेंटर एकदम त्याच्यावर खेकसला. मालकावर! "पब्लिक काय हात लावून पाहणार हाये? बसून पाहा, उभं राहून पाहा. दिसते का शिवण?"

मालक पुन्हा तणसावर बसला, पुन्हा उभा राहिला. "नाई दिसत," म्हणाला.

"मंग!"

फ्लेक्स आला नाही. पेंटरशी माझं आजही पटत नाही. त्याची झाडं अजून पालकाच्या जुड्याच आहेत, आणि मी ते त्याला तोंडावर सांगते. पण आता आमचा पडदा टांगला, की तो न सांगता खाली बसतो आणि मी बाकावर चढते. मग भांडण सुरू होतं.