बायकोचा टोपीवाला हिरो

धानाच्या रोवणीत शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरून बायकोचा पाय मोडला आणि ती महिनाभर खाटेवर पडली. तिचा वेळ जावा म्हणून मुलीने लॅपटॉपवर एक जुना अमेरिकन सिनेमा लावून दिला. रंगीत, नाचगाण्यांनी भरलेला, टोपी घालून नाचणारा हिरो, खाली हिंदीत अक्षरं. बायकोने तो एकदा पाहिला, दुसऱ्यांदा पाहिला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा माझं डोकं सटकलं.

झाडीपट्टीच्या नाटकांत मी वीस वर्षं हिरोची कामं केली. साकोलीपासून अड्याळपर्यंत माझ्या गाण्याला वन्स मोअर मिळायचा. बायकोनेही मला पहिल्यांदा मंचावरच ऐकलं, आणि घरी जाऊन सांगितलं की लग्न करीन तर याच्याशीच. तीच बाई आता त्या टोपीवाल्या गोऱ्याच्या पायांकडे डोळे फाडून पाहत होती. आडपडदा कशाला, मी जळत होतो.

खोट काढायची म्हणून मी शेजारी खुर्ची ओढून बसलो. भरपूर सापडली. त्या माणसाला कामधंदा काही नाही. भांडण झालं की गाणं, गाणं संपलं की पोरगी राजी. गोष्ट म्हणाल तर बोटभर. टेबलावर चढून नाचतो आणि वर गातो, तरी दम लागत नाही. म्हणजे गाणं आधीच भरून ठेवलेलं, हा नुसते ओठ हलवतो. मी ऑर्गनवाल्यासोबत तिथल्या तिथे गायचो, सर्दीने नाक गळत असलं तरी.

मग एक नाच आला. तो आणि त्याची हिरोईन, डोक्यापासून पायापर्यंत अख्खे दिसतात, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत मध्ये कुठेही शॉट तोडलेला नाही. असलं मला सात जन्मांत जमलं नसतं. ते कळलं आणि अंगाची आणखीच आग झाली.

"काय पाहून राहिली त्याच्यात एवढं?" मी विचारलं. "आवाज तर माह्याच चांगला होता."

"आवाज तुमचाच चांगला," ती म्हणाली. मला जरा बरं वाटतंय तोवर पुढे म्हणाली, "पण तो तिच्याकडे पायत गाते. तुमी लोकायकडे पायत गात होते."

"अवं, माईक समोर टांगून राहते. बाजूले तोंड केलं तर आवाज कसा जाईन?"

तिने प्लॅस्टरचा पाय जरा सरकवून घेतला.

"घरी कुठं होता माईक?"