मावशींचं मोठ्याने वाचन

आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींना माझ्या पत्नीने वाचायला शिकवलं. पत्नी गेली, पण मावशी तेलाची पिशवी, सोसायटीची नोटीस, सगळं अजून बोट ठेवून मोठ्याने वाचतात.

मरोळला त्यांच्या शेजारणीचा नवरा वारला, तेव्हा दुःखातला अनुभवी माणूस म्हणून त्यांनी मलाही भेटायला नेलं. तेवढ्यात शेजारणीचा दीर कागद घेऊन आला. "वहिनी, फक्त लाइटबिलावरचं नाव बदलायचंय. अंगठा लावा."

"थांब, आधी मी वाचते," म्हणत मावशी उंबऱ्यावर बसल्या. आजूबाजूच्या बायका गोळा झाल्या.

"खो-ली-व-र-चा ह-क्क सो-ड-ते..."

"कुणाचा हक्क गं?" बायकांनी एकदम विचारलं.

दीर घाम पुसत उठला. "राहू द्या, उद्या येतो."

"बस रे खाली," मावशी म्हणाल्या. "अजून दोन पानं आहेत."