आधी कुठलं चाक

त्याला सगळे पारा म्हणत. आता, त्याचा पारा चढलेला कुणी कधी पाहिला नव्हता. पण कुठल्याही गरम वस्तूपाशी मोजल्याशिवाय जायचं नाही, ही त्याची जन्माची खोड. बेकरीत तो भट्टी सांभाळायचा. भट्टीच्या दाराला तापमानाचा काटा होता, तरी पाव आत सरकवण्याआधी तो तळहात दारापाशी धरून उभा राहायचा, एखाद्या आजाऱ्याचं कपाळ बघावं तसा. घरी अंघोळीच्या बादलीत आधी कोपर बुडवायचा. चहाच्या कपाला तीन ठिकाणी बोट लावायचा आणि मग म्हणायचा, "हं, आता पिता येईल." तोवर वर साय धरलेली असायची.

अशा माणसाची बायको शर्यतीत गाडी चालवणारी निघावी, याला योगच म्हणायचं. गाडी तिच्या थोरल्या भावाची. दादाचं गॅरेज होतं. एक जुनी छोटी गाडी आतून सोलून त्याने तिच्यात लोखंडी पिंजरा बसवला होता. लग्न झाल्यावर दादाने नव्या जावईबापूंना नीट न्याहाळलं आणि टायरचा तापमापक त्यांच्या हातात ठेवला.

काम साधं, पण घाईचं. फेऱ्या मारून गाडी आत आली की टायर निवायच्या आत प्रत्येकाच्या रबरात सुई खुपसायची: आतल्या काठाला, मधोमध, बाहेरच्या काठाला. मधोमधच जास्त तापलं असेल तर हवा जास्त झाली. दोन्ही काठ तापले तर कमी पडली. एकच काठ तापला तर चाक तिरकं बसलंय. आणि अख्खं चाकच गार असलं तर ते कामचुकार, बाकीची राबतायत आणि हे नुसतं सोबतीला फिरतंय. पारा आकडे ओरडून सांगायचा, दादा ते खडूने टायरवरच लिहायचा आणि पाना उचलायचा. पाराला घाई तेवढी जमत नव्हती. काटा पुरता ठरल्याशिवाय तो सुई काढायचा नाही.

या हंगामात पुढचं डावं चाक कामचुकार निघालं. बघावं तेव्हा गार. दादाने त्या कोपऱ्यातली स्प्रिंग आवळली, म्हणजे भार तिकडे जावा. पुढच्या वेळी आणखी आवळली. चाक गार ते गारच, आणि बायकोची कुरकुर मात्र वाढली. "उजवीकडे वळवते, तर हिचं नाक बाहेरच पळतंय."

"नाचता येईना, अंगण वाकडं," दादा म्हणायचा.

आज मात्र गळ्याशी आलं होतं. पात्रता फेरीतून ती अंतिम शर्यतीत गेली तर ठीक, नाहीतर पुढच्या हंगामापासून गाडी दादाचा मेहुणा, वहिनीचा भाऊ, चालवणार, असं दादाने सकाळीच सांगून टाकलं. मेहुणा हजरच होता, काखेत नवंकोरं हेल्मेट, हातमोजेसुद्धा चढवलेले.

सरावाला निघण्याआधी बायकोने चहा मागितला. पाराने थर्मासमधून कप भरला आणि बोट लावून बघू लागला.

"दे रे इकडे! तू मोजेपर्यंत चहाचं सरबत होतं. गाडीचं तरी धड मोजतोस का?"

दादा हसला. तेही चाललं असतं. पण मेहुणा हसला. पाराने कप हत्यारांच्या पेटीवर आपटला. "नाही मोजत, जा!"

"अरे, पाराचा पारा चढला!" दादाने टाळी वाजवली.

एरवी गाडी थांबली की पारा सरळ तिच्या उजव्या खिडकीशी जायचा आणि जाळीतून विचारायचा, "बरी आहेस ना?" तिने अंगठा दाखवला की तिथलंच पुढचं चाक, मग मागचं, मग मागून वळसा घालून पलीकडचं मागचं आणि सर्वांत शेवटी पुढचं डावं. आज सराव संपवून ती आली तेव्हा त्याने खिडकीकडे ढुंकून पाहिलं नाही. फुगलेल्या तोंडाने पलीकडे गेला आणि पुढच्या डाव्या चाकाशी बसला.

काटा सरसर चढला. त्याने सुई काढून पुसली, पुन्हा खुपसली. चौघांत हेच सगळ्यात तापलेलं! आणि शेवटी ज्याच्यापाशी तो पोचला, ते बायकोच्या दाराजवळचं चाक गारठलेलं.

"तापमापक बिघडला," दादा म्हणाला.

"भावजींचं डोकंही," मेहुण्याने भर घातली.

पारा तोंड उघडणार, तेवढ्यात पेटीवरचा कप दिसला. सवयीने त्याने बोट लावलं. थंडगार. सरावाआधी हाच वाफाळत होता.

"दादा, इथे वळणं कुठली जास्त?"

"उजवीकडची."

"मग भार?"

"डावीकडे," म्हणता म्हणता दादाचा आवाज खाली आला. "म्हणजे डावं चाक तापायलाच हवं."

"तापतच होतं. मी तिथे पोचेपर्यंत निवत होतं. आधी हिला विचारत बसायचो, मग एकेक चाक..."

"आणि मी हंगामभर स्प्रिंग आवळतोय!" दादाने कपाळावर हात मारला. "तुमच्या 'बरी आहेस ना'पायी गाडी वाकडी झाली, जावईबापू!"

"पण ऐन वेळी हात लावायचा?" मेहुण्याला एकाएकी गाडीची काळजी वाटू लागली.

दादा घुटमळला. जाळीआडून आवाज आला, "सैल कर ती स्प्रिंग, दादा. हा आज रागाने मोजतोय, खरं तेच मोजलं असेल."

हंगामभर आवळलेली स्प्रिंग दादाने पुन्हा सैल केली. पारा कठड्याशी जाऊन उभा राहिला. फेरी तिची होती, घाम याला. उजवं वळण आलं आणि गाडीचं नाक आतल्या कडेला धरून गेलं, सुईत दोरा जावा तसं. पुन्हा एकदा, पुन्हा तसंच. अंतिम शर्यतीत तिला जागा मिळाली. शेवटची का होईना, मिळाली. मेहुणा एकेक बोट सोडवत हातमोजे काढू लागला.

गाडी आत आली. पाराचे पाय आपोआप उजव्या खिडकीकडे वळले. राग केव्हाच उतरला होता. तो थबकला, उलटा फिरला आणि डाव्या चाकाशी जाऊन बसला. जाळीआड तिने सवयीने अंगठा वर धरला होता. तो बघायला कुणीच नव्हतं, म्हणून थोड्या वेळाने तिने तो खाली घेतला.

चारही चाकं उरकून तो एकदाचा खिडकीशी आला. "बरी आहेस ना?"

"मगाशी होते. आता घसा कोरडा पडलाय. चहा दे."

तो धावत गेला, थर्मासमधून कप भरला आणि बोट न लावता तसाच आणून दिला. तिने घोट घेतला आणि किंचाळली.

"अरे, मोजला का नाहीस?"