आपा गेल्या, हे सुमीला कसं सांगायचं?

थांबा, मला हे आत्ताच सांगायचंय. उद्यावर ढकललं तर अर्धं पोटातच राहील. कापूरहोळहून भोरच्या एसटीत बसलेय, खिडकीकडची जागा मिळालीय, दोन्ही अंगठ्यांनी मोबाईलवर लिहीत सुटलेय, त्यामुळं काना-मात्रा इकडंतिकडं झाल्या तर समजून घ्या. आज आमच्या बालवाडीत जे झालं ना... पण ते सांगायच्या आधी हमीदाआपा कोण होत्या ते सांगायला पाहिजे, आणि सुमी कोण तेही. आपा जाऊन आता काही आठवडे झाले. या सगळ्या दिवसांत आमच्यापुढं एकच प्रश्न होता. आपा आता परत येणार नाहीत, हे सुमीला सांगायचं कसं? सुमी पाच वर्षांची आहे. तिला ऐकू येत नाही.

बातमी आली तेव्हा मी भाटघरला घरी डबा भरत होते. आपांच्या मुलाचा, सलीमभाईंचा फोन. म्हणाले, "अश्विनी, आज बालवाडी बंद ठेव." मी म्हटलं, का हो, आपांना बरं नाही का? मागं कुणीतरी बाई रडत होती. मग म्हणाले, "अम्मी गेली गं, पहाटे." मला खरंच वाटेना. आदल्या दिवशीच तर आपा मला टाकून बोलल्या होत्या, मातीकामाच्या पाट्या धुतल्या नाहीत म्हणून. "अश्वे, सासरी गेलीस का तुजी सासू मला शिव्या देईल, हिला कुनी शिकवलं म्हनून!" हे त्यांचं मला शेवटचं वाक्य. भोरला त्यांच्या घरी पोचले तर आत बसायला जागा नव्हती. मोहल्ल्यातल्या बायका होत्या, वेल्ह्याकडच्या वाड्यांवरनं बातमी कळताच निघालेल्या म्हाताऱ्या होत्या, आणि दारात एक चांगला आडदांड टेम्पोवाला भिंतीला कपाळ लावून उभा होता. मी विचारलं, तुम्ही कोण त्यांचे? तर म्हणाला, "म्या त्यांच्या बालवाडीत व्हतो." एवढंच. मिशा ओल्या झालेल्या.

आपांनी शिकवायला सुरुवात वेल्ह्याकडं केली. तिथल्या एका डोंगरातल्या वाडीत एका छोट्या संस्थेची बालवाडी होती, आणि भोरची ही बाई रोज एसटीनं पायथ्यापर्यंत जाऊन पुढं चढून जायची. तिथंच त्यांना कळलं म्हणे, की पोरं गप्प बसतात ती लाजाळू असतात म्हणून नाही. पुस्तकात होतं "पोळी" आणि पोरांच्या घरात होती नाचणीची भाकर. पुस्तकातल्या चित्रातली आई गॅसपुढं उभी, यांची आई चुलीपुढं बसलेली. पोरांना वाटायचं हे दुसऱ्या कुणाचं तरी चाललंय, आपलं नाही. आपा सांगायच्या, "पोरगं घरनं तोंडात जे घेऊन येतं ना, त्येच्यावरच पुढचं ठेवायचं. आधी तोंड रिकामं कर आन् मग मी शिकवते, असं म्हनलं का पोरगं तोंडच मिटतं."

मी त्यांच्याकडं आले ती कोर्स करून, फाईलभर तक्ते घेऊन. तोवर त्यांची बालवाडी कापूरहोळच्या फाट्यावर आली होती, पंक्चरच्या दुकानाला लागून एक लांबट खोली. आणि काय पोरं हो! गावातली शेतकऱ्यांची पोरं, मागच्या ओढ्याकाठच्या कातकरी वस्तीतली, ढाब्यावरच्या बिहारी आचाऱ्याचा गोलू, वीटभट्टीवर आलेल्या विजापूरकडच्या दोघी बहिणी, गॅरेजवाल्यांचा साहिल. मी पहिल्या दिवशी घाबरून विचारलं, आपा, शिकवायचं कुठल्या भाषेत? त्या म्हणाल्या, "आधी जेवान इचार." आणि खरंच, हजेरी घ्यायची त्यांची तीच रीत होती. नाव पुकारायचं नाही. प्रत्येकानं सकाळी काय खाल्लं ते आपल्या घरच्या बोलीत सांगायचं आणि बाकीच्या सगळ्यांनी ते तस्संच म्हणायचं. कुणाची भाकर, कुणाची रोट्टी, गोलूची रोटी. कुणी काहीच खाल्लं नसेल तर तेही सगळ्यांसमोर न विचारता कळायचं, कारण ते पोरगं कालचंच सांगायचं, आणि आपा उठून डब्यातली राजगिऱ्याची वडी त्याच्या हातात ठेवून पुढच्याकडं वळायच्या. एका महिन्यात आमच्या ओंकारला, पक्क्या गावातल्या पोराला, कानडीत पाणी मागता यायला लागलं. मी तर वेडीच झाले. माझे तक्ते अजून गुंडाळलेलेच आहेत.

या सगळ्यात सुमी. कातकरी वस्तीतली, केस तांबूस, डोळे असे की सगळं टिपतील. पण बोलायची नाही. जेवणाची पाळी तिच्याकडं आली की नुसती बघायची. आपा म्हणाल्या, हिला मराठी येत नसंल, हिच्या बोलीत बोलायला पायजे. मग काय, आपा संध्याकाळी वस्तीवर जाऊन सुमीच्या आईपाशी, कमळताईपाशी बसायला लागल्या. शब्द विचारायच्या, वाक्यं घोटायच्या. बायका हसून हसून लोळायच्या आपांच्या तोंडून आपली बोली ऐकताना. मलाही शिकवलं. वस्तीतली बाकीची पोरं काय खुलली म्हणून सांगू! सुमी मात्र तशीच. आपांनी हार मानली नाही. गाणी केली, वस्तीतल्या एका म्हातारीला गोष्ट सांगायला आणलं. सुमी म्हातारीच्या तोंडाकडं टक लावून बघत राहिली, गप्प. आपा मला म्हणायच्या, "अजून आपलीच बोली कच्ची हाय. पोरगी परीक्षा घेतीया आपली."

आणि मग एके दुपारी शेजारच्या दुकानात ट्रकचा टायर फुटला. केवढा आवाज, बापरे! पत्रे थरथरले. पोरं किंचाळत आपांच्या अंगावर जाऊन पडली, मी हातातला तांब्या टाकला. आणि सुमी... तिची पाठ होती आमच्याकडं. ती शांतपणे दोऱ्यात मणी ओवत होती. मग जमीन हलली म्हणून की काय, सावकाश वळली, आणि सगळ्यांची तोंडं बघून हसली. मी आपांकडं पाहिलं. त्यांच्या पदराला चार पोरं लोंबकळलेली, आणि त्या खाली बसल्या. "अश्वे," म्हणाल्या, "आपन बोल्या बदलत बसलो गं. हिला बोलीच पोचत न्हवती."

विचार करा. भाषेचं एवढं वेड असलेली माणसंच ही चूक करू शकतात! दुसऱ्या कुठल्या बालवाडीत कदाचित आधीच लक्षात आलं असतं. आपांनी चूक लपवली नाही. त्याच आठवड्यात आयांच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक माजी हाय, पोरीची न्हाई, आन् कमळ, तुजी तर न्हाईच न्हाई." कमळताई म्हणाली, "मला ठावं व्हतं ना. मी तर हातानंच बोलते तिच्याशी. तुमी इचारलं कुठं? तुमी नुसते सबूद इचारत व्हता." सगळ्या बायका फस्सकन हसल्या. सगळ्यात जोरात आपा.

पुण्याच्या दवाखान्यात तपासणी झाली. कानाचं मशीन मिळालं, पण त्यानं फारसं काही होईना, सुमी ते काढून खिशात ठेवायची. तिथल्याच एका बाईंनी सुमीला आणि आम्हाला हातांच्या खुणांची भाषा शिकवायला सुरुवात केली. गावात लोक म्हणायला लागले, तिला पुण्याला मुक्याबहिऱ्यांच्या वसतिगृहात घाला, हितं तिचं काय व्हनार? आपांनी कमळताईला विचारलं. कमळताई म्हणाली, एवढीशी आहे, अजून माझ्या कुशीत झोपती. बस. आपांनी ठरवलं, मग इथं सगळ्यांनीच हातानं बोलायचं. सकाळच्या जेवणात सुमीची पाळी आली की ती हातानं सांगणार आणि सगळे हातानं म्हणणार. पहिल्यांदा तिनं भाकर थापल्याची खूण केली आणि खोलीभर सगळे हात थापायला लागले ना, तेव्हा तिनं आधी मागं वळून पाहिलं, की ही कुणाची नक्कल करतायत... आणि मग कळल्यावर ती जी उड्या मारायला लागली! आत्ता लिहिताना मीही मोबाईल मांडीवर ठेवून हात थापून बघितले. शेजारच्या सीटवरचे आजोबा माझ्याकडं बघतायत, बघू देत.

पोरं तर काय, आमच्याहून पुढं गेली. जेवताना तोंड भरलेलं असतानाही गप्पा, खिडकीतनं बाहेरच्याशी गप्पा, मी "शांत बसा" म्हटलं की हातांनी दंगा. ओंकारचे वडील एकदा तणतणत आले. "आपा, आमचं पोरगं जेवताना हात नाचवतंय. मुकं करायचं का काय त्याला?" आपांनी चष्म्यावरनं बघितलं. "न्हाई ओ दादा. आता त्ये दोन ठिकानी बोलतंय, तोंडानं बी आन् हातानं बी. तुमी एकाच ठिकानी बोलता, आन् त्ये बी जास्त." ते गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. म्हणे, आमची आई म्हातारी आहे, तिला ऐकू येत नाही, ती "पाणी" ची खूण कशी करायची ते जरा सांगा.

अशा होत्या आपा. आणि एक दिवस नुसत्या आल्याच नाहीत.

बाकीच्या पोरांना घरी काही ना काही सांगितलं गेलं होतं. सुमी मात्र रोज भोरच्या रस्त्याकडं तोंड करून उंबऱ्यात बसायची. ओंकारनं तिला हात जोडून देवळाची खूण केली, आपा देवाघरी गेल्या म्हणून, तर ती पळत मारुतीच्या देवळात गेली आणि मूर्तीच्या मागं जाऊन शोधून आली. साहिल चिडला, "आपा मारुतीकडं कशाला जातील रे?" दोघांची जुंपली. मग मी मधे पडले आणि मला जे सुचलं ते केलं. गालाखाली हात घेतला, डोळे मिटले. झोपल्यात. सुमीनं मान डोलावली. मला वाटलं, सुटलो बाई.

कुठलं सुटलो! दुसऱ्या दिवसापासनं ती सगळ्यांना गप्प करायला लागली. कुणी हसलं की ओठांवर बोट. गोलूनं डबा आपटला की धावत जाऊन ओठांवर बोट. जिला आयुष्यात आवाज म्हणजे काय ते माहीत नाही, ती आपांची झोपमोड नको म्हणून सगळ्या खोलीचा आवाज बंद करत फिरत होती. तोंडांच्या हालचालींवरनं ओळखायची, कोण दंगा करतंय ते. मी मागं वळून फळ्याकडं तोंड करायचे आणि रडून घ्यायचे.

शेवटी काल कमळताईला बोलावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि भडकलीच. "झोपल्या सांगितलं? बाई, झोपलेलं मानूस उठतं. पोरगी वाट बघनारच की." मी म्हटलं, मग कसं सांगू गं, मला खूणच येत नाही. ती म्हणाली, "खूण कशाला पायजे त्याला?" आज सकाळी ती आली, उंबऱ्यात सुमीच्या शेजारी बसली. सुमीचा तळहात घेऊन स्वतःच्या नाकापुढं धरला. श्वास सोडला. परत घेतला, परत सोडला. मग सुमीचा हात सुमीच्याच नाकाखाली. मग डोळ्यांपुढं बोटांची दोन वर्तुळं धरून चष्म्याची खूण केली, म्हणजे आपा. आणि सुमीचा तळहात तसाच मोकळ्या हवेत धरून ठेवला. बराच वेळ. काहीच आलं नाही त्याच्यावर.

सुमीनं हात खाली घेतला नाही. आईनं सोडला तरी तसाच ठेवला. मग तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि ती जे रडली... तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. पंक्चरवाले काका हातातली पाना-पक्कड टाकून दारात आले. पोरं सगळी गोळा झाली. कमळताई तिला थोपटत राहिली.

आणि मग, हे सांगायला मी लिहायला बसलेय, रडणं थांबल्यावर सुमी उठली. नाक फ्रॉकला पुसलं. ओंकारजवळ गेली आणि तळहात त्याच्या नाकाखाली धरला. थांबली. मान डोलावली. मग साहिल. मग विजापूरच्या दोघी, त्यातली धाकटी गुदगुल्या झाल्यासारखी हसली. गोलूनं मुद्दाम जोरात फुंकर मारली, तर त्याला एक चापट. ती सगळ्यांपाशी गेली, एकालाही सोडलं नाही. शेवटी माझ्याकडं आली. मी गुडघ्यावर बसले. तिचा हात गार होता, मण्यांच्या दोऱ्याचा वास येत होता. मला हुंदका आवरेना, त्यामुळं श्वास अडकत अडकत येत होता, आणि ती भुवया आक्रसून, हात तसाच धरून, तो नीट लागायची वाट बघत थांबली. लागला. मग तिनं मान डोलावली आणि मला ओढत आत नेलं.

आता भोरचा स्टँड आला, उतरायला हवं. पण तुम्ही सांगा ना... तुमच्या घरातलं कुणी गेलं तेव्हा लहान पोराला तुम्ही काय सांगितलंत? झोपलेत म्हणालात? आणि मग ते पोरही असंच तुमच्या नाकाखाली हात धरून उभं राहिलं होतं का?