खोडलेली ओळ

“शून्य आहे ना? मग छापायचं कशाला?” असं म्हणून सर चष्मा कपाळावर सरकवायचे आणि समोरची ओळ खोडून टाकायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. टेबल पुसायला घेतलं की चहाचा भरलेला कपही उचलून नेणारी.

चिकलठाण्याच्या बाजूला आमचं छोटं ऑफिस होतं. मार्केट यार्डातल्या वजनकाट्यांना जोडायची यंत्रं आम्ही बनवायचो. यंत्राच्या कर्नलमधून, म्हणजे सगळं चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधून, एक तक्ता निघायचा. यंत्रातल्या कुठल्या कामानं किती मेमरी धरून ठेवलीय, ते त्यात दिसायचं. तो तक्ता नीटनेटका करायला आमचे सीनियर, म्हणजे हे सर, तीन महिने बसले. रकाने सरळ केले. सगळे आकडे केबीतून एमबीत, म्हणजे हजारपट मोठ्या मापात, आणले. त्यानं बारीकसारीक आकड्यांचं शून्य झालं, आणि शून्य झालं म्हणून त्या ओळीच काढल्या. वर ऐट काय, तर “आमच्या पैठणात काठ वाकडा चालत नाय.” मला त्या माणसाचा लई राग यायचा.

मग वैजापूरच्या यार्डातली यंत्रं चालू केल्यापासून आठ-दहा दिवसांत बंद पडायला लागली. काट्यावरून वजन वाचणारा कोड माझा. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्याच महिन्यात ठरणार होतं.

“तक्ता तर स्वच्छ आहे मॅडम,” सर म्हणाले. “म्हणजे घाण तुमच्याच कोडात.”

मी एका यंत्रात जुना तक्ता परत घातला आणि आठ दिवस रोज एसटीनं वैजापूर गाठलं. कांद्याच्या धुळीत बसून बघत होते. सरांनी काढलेली एक ओळ रोज थोडी वाढत होती. नेटवर्कसाठी घेतलेली मेमरी कर्नल सोडतच नव्हता; ती संपली की यंत्र बंद. माझ्या कोडाचा काही संबंध नव्हता. ऑफिसात हे दिसलंच नसतं, कारण वीज वाचवायला सर रोज संध्याकाळी सगळी यंत्रं बंद करून जायचे, आणि बंद केलं की मेमरी पुन्हा मोकळी. डोंबलाची बचत.

मालकांसमोर मी दोन्ही तक्ते ठेवले. सरांचे वाभाडे काढायची पूर्ण तयारी करून गेले होते. मी तोंड उघडायच्या आत सरच म्हणाले, “ओळ मी काढली. त्यांचा कोड बरोबर आहे.”

मला कायम केलं. सरांना नारळ मिळाला.

ते मूर्ख होते, हे मी आजही म्हणते. पण त्यांच्या जागी मी असते तर गप्प बसले असते, हेही मला माहीत आहे. शेवटच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी थांबले. “येतो मॅडम,” म्हणाले. मी कीबोर्डवरून मान वर केली नाही. काही टाइप करत होते, असंही नाही.